फणसाखालची मारुती

मधली वाडी, उमरठ रोड,
ता. पोलादपूर
२७ ऑक्टोबर २०२५

चि. राजू,

अक्षर ओळखून पाकीट फाडून टाकू नकोस. माझा नंबर तू अडवून ठेवलायस. शाळेतल्या बाईंच्या फोनवरून केला तर आवाज ऐकून कट केलास. आता काय जामनगरपर्यंत हाकारे घालू? पत्ता कुठून मिळवला ते विचारू नकोस, ताईला सगळं मिळतं.

भांडायला लिहीत नाही. एकच विचारायचंय. गाडी तू पाठवलीस का?

कुठली गाडी, म्हणून साळसूदपणा नको. आप्पांची मारुती आठशे. तू म्हणालास, दुकानात बसणार नाही. आप्पा म्हणाले, मग या घरातही बसू नकोस. दोघेही बैल. तू किल्ली उचललीस आणि आंबेनळी घाटाच्या दिशेने निघून गेलास, तीच ती गाडी. आप्पा नंतर किती वर्षं ओटीवर बसून त्या रस्त्याकडे बघत होते ते मी तुला कधी सांगितलं नाही. तळीयेवर दरड आली त्याच पावसात ते गेले. रस्ते बंद होते, तू येऊ शकला नसतास, हे मला मान्य. पण पाऊस पुढे संपला की रे.

असो. दिवाळी झाली. भाऊबीजेला मी दरवर्षीसारखं चंद्राला ओवाळलं. नंतरच्या एका सकाळी चहा ठेवला होता, बाहेर दाट धुकं. गाडीचा आवाज नाही, काही नाही. नुसता दार लावल्याचा आवाज आला, आणि आई आतून ओरडली, “राजू आला गो! दार उचलून लावलान, ऐकलंस?”

तुला आठवतं ना, ड्रायव्हरच्या बाजूचं दार खाली आलं होतं, ते थोडं वर उचलूनच लावावं लागे. परक्या माणसाकडून ते कधी लागायचं नाही. आईला काचबिंदूमुळे आता नुसत्या सावल्या दिसतात, पण कान तिखट आहेत.

मी बाहेर गेले. फणसाखाली, आप्पा लावायचे तिथेच, तोंड रस्त्याकडे करून गाडी उभी. पांढरा रंग पिवळट झालाय. मागच्या काचेवरचं ‘आईचा आशीर्वाद’ अर्धं निघालंय. किल्ली आतच. माणूस कुणी नाही. सीट पार मागे सरकवलेली. आप्पा बुटके, स्टिअरिंगला पोट टेकवून चालवायचे. लांब पाय आपल्या घरात तुझेच. सीटवर आप्पांचा तो टर्किश टॉवेल अजून आहे, आणि तो ओला होता. आंघोळ करून कुणी टेकून बसावं इतका ओला.

काय काय आठवलं मला! महाडहून ती आणली त्या दिवशी सगळी वाडी मागे धावत होती. तू चड्डीत, बॉनेटवर चढून बसलेला. थंडीत चोक ओढताना आप्पा ओरडायचे, “जास्त ओढू नको, गुदमरंल ती!” जशी काय म्हैसच. घाट चढताना इंजीन तापायचं, मग बाटली घेऊन झऱ्यावर मी जायची, तू नाही. आणि उतारावर पेट्रोल वाचावं म्हणून आप्पा इंजीन बंद करायचे. आंबेनळीचा अख्खा उतार! नुसता टायरचा आणि वाऱ्याचा आवाज. आई मागे बसून देवाचं नाव घ्यायची, आणि तू माझ्या मांडीवर टाळ्या पिटायचास. उतारावर इंजीन बंद केलं की ब्रेकसुद्धा धड लागत नाही हे मला पुष्कळ उशिरा कळलं. वाचलो म्हणायचं.

कुणाबरोबर पाठवली असशील तर त्याचं नाव कळव. आई तुझं ताट मांडून बसते आहे. तिला काय सांगू?

तुझी ताई
निशिगंधा


३ नोव्हेंबर २०२५

चि. राजू,

उत्तर नाही. पत्र पोचल्याची पोस्टाची पावती माझ्याकडे आहे, तेव्हा मिळालं नाही असं म्हणू नकोस.

ताबिशला बोलावलं होतं. सईदचाचांचा ताबिश, तुझ्याच वर्गातला. चाचा गेल्यापासून महाडचं गॅरेज तोच बघतो. तुझी चौकशी केली त्याने, “राजा कसा हाय?” म्हणून. मी म्हटलं, मजेत. त्याने बॉनेट उघडलं आणि आत वाकून बघितलं. मग म्हणाला, “ताई, बॅटरीच नाय हिला. पट्टा नाय. आत कुंभारमाशीनं घर केलंय बघा. ही गाडी किती वर्षांत चालूच झाली नाय. ढकलत आणली आसंल कुणीतरी.”

रस्त्यापासून आपल्या अंगणापर्यंतचा चढ तुला माहीत आहे. भरली गोणी घेऊन माणूस धापा टाकतो. तिथे कोण मेलं एवढ्या धुक्यात गाडी ढकलत येणार? आणि आणून पळून का जाईल?

मी म्हटलं, घेऊन जा बाबा ही, नको अंगणात. त्याने टेम्पोला दोर बांधून ती महाडला नेली. आई ओटीवर उभी राहून शिव्या घालत होती, मला आणि ताबिशला दोघांनाही. “पोराची गाडी नेलांव! तो आता जाईल कसा?” मी म्हटलं, आई, जायला आधी यावं लागतं.

दुसऱ्या सकाळी गाडी फणसाखाली होती. ताबिशचा दोर पुढच्या हुकाला बांधलेला तसाच, लांबवर ओढत आलेला. दवाने पांढऱ्या झालेल्या गवतात चाकांच्या दोन रेघा. पावलं कुणाची नाहीत. मी बघत उभी असतानाच ताबिशचा फोन आला, “ताई, गाडी तुम्ही नेलात काय? शटर बंद हाय आणि आत गाडी नाय.” तो धावत आला खरा, पण अंगणाच्या फाटकाशी, बेड्यापाशीच थांबला. दोरसुद्धा नेला नाही. म्हणाला, “माफ करा ताई, मी हिला परत हात नाय लावणार,” आणि गेला. चहाही घेतला नाही पठ्ठ्याने.

आता दुसरं. आई तुझं ताट वाढते. मी आधी म्हटलं, वाढू दे, म्हातारीचं मन. पण राजू, ताटं मी घासते. ते ताट उष्टं असतं. काल बांगडा केला होता. काटे ताटाच्या कडेला ओळीने लावून ठेवलेले, अगदी तू लावायचास तसे. आपल्या घरात दुसरं कुणी असं करत नाही. मांजर तर नाहीच करत.

अरे, मी शाळेत विज्ञान शिकवते. पोरांना सांगते, भूत नसतं, प्रश्न विचारा. मी तुला प्रश्न विचारते आहे. तू उत्तर दे.

ताई


९ नोव्हेंबर २०२५

राजू,

आज रविवार, म्हणून मी दुपारी घरी होते. परसात भांड्यांचा आवाज आला म्हणून मागच्या दाराशी गेले. धुण्याच्या धोंडीवर बसून कुणीतरी पाय धूत होतं. माझ्याकडे पाठ. चौकडीचा शर्ट. मानेवरचे केस ओले. आई शेजारी पाटावर बसून त्याच्याशी बोलत होती, कोकमं यंदा कशी धरली नाहीत ते सांगत होती. आणि तो हुंकार देत होता. मी ऐकलं. भर दुपारी, लख्ख उन्हात, माझ्या या कानांनी.

मी तिथून निघाले ती थेट सहदेवकाकांकडे. चपला घालायचंही भान नव्हतं.

काका आता थकले, पण गावासाठी देवाला गाऱ्हाणी अजून तेच घालतात. मी सगळं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी तंबाखू मळायला घेतली. मग म्हणाले, “गाडी आणली तवा देवळात गाऱ्हाणं म्या घातलं व्हतं. माझंच चुकलं गो.”

तुला आठवायचं नाही, तू लहान होतास. गाडी नवी कोरी देवळापुढे उभी केली, नारळ ठेवला, आणि आप्पांचं नाव घेऊन काका देवाशी बोलले. ही मालोजीची गाडी तुझ्या पायाशी आणलीय, हिच्यातून घरचा जो मानूस भाईर जाईल त्याला हिच्यातूनच घरी आण, म्हाराजा. सगळे ओरडले, व्हय म्हाराजा! मीही ओरडले होते.

आता यात चूक काय? काका म्हणाले, राखण मागायची ती वर्षाची. देवदिवाळीला नारळ द्यायचा आणि या वर्सापुरतं सांभाळ असं म्हणायचं. पुढल्या वर्षी पुन्हा द्यायचा, पुन्हा म्हणायचं. देवाला मुदत घालून द्यायची असते. त्या दिवशी वाडीत पहिली गाडी आली, सगळ्यांना चेव चढलेला, आणि काका मुदत बोलायचे विसरले. गाऱ्हाणं उघडंच राहिलं. “राजा गेला हिच्यातून, आणि आला नाय. देव काय बसून ऱ्हातोय? त्यानं शबूद दिलाय. कुणाला तरी आनणारच ना तो.”

मी विचारलं, कुणाला म्हणजे कुणाला? काकांनी उलट मलाच विचारलं, “राजा जिता हाय ना गो?”

राजू, फोन कट करणारा, पत्राच्या पावतीवर सही करणारा तूच होतास का? मला ते माहीतच नाही, हे तेव्हा लक्षात आलं. त्यांच्या ओट्यावर बसून मी ढसाढसा रडले.

उपाय आहे म्हणतात. देवदिवाळीला घराघरातल्या माणसांच्या नावाने राखणीचा नारळ फुटतो. तो फुटायच्या आधी तू स्वतः यायचं, आपल्या उंबऱ्याच्या आत उभं राहायचं आणि मी आलो म्हणायचं. गाऱ्हाणं तिथे पुरं होतं. तू नाही आलास, तर त्या दिवशी जो कुणी राजू म्हणून घरात असेल, तोच घरचा. काका एवढंच म्हणाले, “मग त्याला भाईर काढता येत नाय.”

देवदिवाळी एकवीस तारखेला आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, मला वेडी म्हण, पण ये. तेवढंही जमत नसेल तर एक ओळ लिही. शिवी लिही. जिवंत आहेस एवढं कळू दे.

ताई


१६ नोव्हेंबर २०२५

राजू,

तू फोन केलास तेव्हा नीट बोलता आलं नाही म्हणून लिहिते. तुझा आवाज ऐकला आणि मी खालीच बसले. किती जाड झालाय रे आवाज! आप्पांसारखा. तू चिडून बोलत होतास तरी मला गोड लागत होतं.

गाडी तू कऱ्हाडला भंगारात दिलीस आणि तुझ्यासमोर ती दाबून सपाट केली, हे ऐकल्यावर मी खिडकीतून बाहेर बघितलं. ती तिथेच होती. टपावर फणसाची पानं पडलेली. तू म्हणालास, दुसरी असेल, सगळ्या मारुत्या सारख्याच दिसतात. नाही रे. पुढच्या बंपरचा पोचा तूच पाडलास, कापड्याच्या पुलावर, आणि नाव माझं सांगितलंस. तो पोचा आहे तिथेच.

आईचं मनाला लावून घेऊ नकोस. मी फोन तिच्या कानाला लावला, तू “आई, मी राजू” म्हणालास, मी ऐकलं. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, “कोण रे बाबा तू? माझा राजू हतं जेवतोय.” आणि फोन मला परत दिलान. मग नुसतं “येतो मी” म्हणालास. ये. रजा मिळो न मिळो, ये. तिला सावल्याच दिसतात, पण तू जवळ बसलास, हात हातात दिलास, तर ओळखेल. आई आहे ती.

एक सांगायचं राहिलं. फोनवर सांगणार होते, धीर झाला नाही.

काल मी ओटीवर वह्या तपासत होते. आतून हाक आली, “तायडे!” तायडे मला तुझ्याशिवाय कुणी म्हणत नाही. लहानपणी आई बजावायची ना, अनोळखी हाकेला पहिल्यांदा ओ देऊ नये म्हणून? मला सगळं ठाऊक होतं. पण राजू, कान किती भुकेले असतात ते तुला कळायचं नाही. मी ओ दिली.

तो बाहेर आला. माझ्यासाठी तांब्या भरून पाणी घेऊन आला. तू गेलास त्या वयाचाच आहे. मिसरूड तसंच. हसला आणि म्हणाला, “दमलीस ना?” 

आप्पा गेल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी पाणी प्यायले.

लवकर ये.

ताई


२० नोव्हेंबर २०२५

राजू,

हे पत्र तुला वेळेत मिळायचं नाही, माहीत आहे. तू निघाला असशील तर मिळूच नये. मी माझ्यासाठीच लिहिते आहे, हात हलता राहावा म्हणून.

दोन दिवस तुझा फोन लागत नाही. उद्या देवदिवाळी. काकांचा निरोप आला, नारळ कुणाच्या नावाने आणायचा ते सांग. मी अजून कळवलेलं नाही.

एक विचित्र होतंय. मी तुझा चेहरा आठवायला बसते तर त्याचाच येतो. तुझ्या कपाळावर खोक होती, विहिरीच्या कठड्यावर पडला होतास. ती डावीकडे होती की उजवीकडे? सकाळपासून आठवते आहे. शेवटी त्यालाच विचारलं. त्याने केस बाजूला करून दाखवली. उजवीकडे आहे.

आईचा चेहरा बघायला हवा होतास. गाल भरलेत. आज ती स्वतः उठून खीर करायला बसली, आणि गाणंसुद्धा म्हणत होती. घरात इतकं बरं वाटतंय की मला भीती वाटते. आणि भीती वाटणंही कमी होत चाललं आहे, त्याचीच खरी भीती वाटते.

आज संध्याकाळपर्यंत ये. मी बेड्यापाशी उभी राहते.

ताई


२४ नोव्हेंबर २०२५

श्री. राजेश उतेकर यांस,
स. न. वि. वि.

परवा शनिवारी आपण आमच्याकडे येऊन गेलात. जाताना आपली बॅग ओटीवर राहिली. ती आज पोस्टाच्या पार्सलने आपल्या जामनगरच्या पत्त्यावर पाठवत आहे. आतल्या कोणत्याही वस्तूला आम्ही हात लावलेला नाही. पत्ता आपणच दाखवलेल्या पाकिटावरून घेतला.

आपली झालेली तारांबळ पाहून वाईट वाटलं. रेल्वे चुकली, वाटेत फोन हरवला, एक दिवस उशीर झाला, असं आपण पुन्हा पुन्हा सांगत होतात. कशाला उशीर, ते आम्हाला नीटसं कळलं नाही. आपलं आडनाव आमचंच आहे हे खरं, पण पोलादपूर तालुक्यात उतेकर पुष्कळ. वाडी चुकली असेल. येणाऱ्याला पाणी द्यावं, बसा म्हणावं, एवढं आम्ही केलं. त्यापलीकडे आम्ही तरी काय करणार होतो?

आपण जी पत्रं दाखवलीत त्यांतलं अक्षर माझ्या अक्षरासारखं आहे, हे मी कबूल करते. माझ्या आठवणीत मात्र असं काही लिहिलेलं नाही. माझ्या भावाला मी पत्रं कशाला लिहीन? तो घरीच असतो.

माझ्या आईने आपला चेहरा चाचपून पाहिला आणि “कोण हो तुम्ही? कुणाकडं आलांव?” असं विचारलं, तेव्हा आपण तिचे पाय धरलेत. ती घाबरली. म्हातारं माणूस आहे, कृपया मनात काही ठेवू नये. आमचा राजू आपल्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आला, तर त्याच्याकडे बघून आपण पायरीवरून मागे पडलात. लागलं तर नाही ना? त्याने हात दिला होता, तो घेतला असतात तरी चाललं असतं. तो फार मायाळू आहे. दिसतो लहान, पण वय झालंय त्याचं, आमच्याकडे वय लवकर दिसत नाही.

देवदिवाळीचा नारळ यंदा काकांनी तिघांच्याही नावाने फोडला. सगळं यथास्थित झालं. नारळ देताना काका राजूच्या तोंडाकडे मात्र बघत नव्हते. त्यांची प्रकृती हल्ली ठीक नसते.

उद्या राजू आम्हाला गाडीतून महाबळेश्वरला नेणार आहे. आई पुढच्या सीटवर बसणार म्हणून सकाळपासून लुगडं काढून बसली आहे. आप्पांनी तिला कधी पुढे बसवलं नव्हतं. मी मागे बसेन. तो म्हणतो, येताना उतारावर इंजीन बंद करू, मजा येते. आमच्या गाडीचं इंजीन तसंही कुणी चालू केलेलं मला आठवत नाही, पण ती चालते छान.

यापुढे आपण पत्र पाठवू नये किंवा फोन करू नये, ही विनंती. आईला त्रास होतो. ती रात्रीच्या जेवणाला ताटं घेताना उगाच एक जास्त घेते आणि मग ते हातात धरून उभी राहते.

आपल्या घरचं विचारायचं राहून गेलं. आई असेल तर तिच्याकडे जाऊन या. वाट बघून बघून म्हातारी माणसं मग कुणालाही आपलं म्हणायला लागतात.

आपली विश्वासू,
निशिगंधा मालोजी उतेकर